ना तोंड, ना पोट, तरी गांडुळाचा भाऊबंद : ओसेडॅक्सची ओळख पटते कशी?

समुद्राच्या तळाशी व्हेलच्या सांगाड्यावर वाढणाऱ्या 'झोंबी वर्म'ची बातमी दर थोड्या दिवसांनी फिरत येते. फोटोत पांढऱ्या हाडातून लालभडक तुरे डोकावत असतात. खाली लिहिलेलं असतं की हा एक कृमी आहे, याला तोंड नाही, पोट नाही, गुदद्वारही नाही, आणि तरी हा हाड खातो. दिसायला फुलझाड, मातीत रोवावीत तशी हाडात मुळं रोवलेली. मग हा कृमी आहे हे कुणी आणि कशावरून ठरवलं? पुढे तर असंही म्हटलेलं असतं की हा गांडूळ आणि जळू यांच्या गोतावळ्यातला आहे.

हाड खाण्यापेक्षा मला हाच प्रश्न जास्त विलक्षण वाटतो. त्याच्या उत्तरामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात अत्यंत हुशार माणसं पुन्हापुन्हा चकली, आणि बहुतेक वेळा कारण एकच होतं: प्राण्याचा एखादा तुकडा त्यांच्या हाती आलाच नव्हता.

आधी नावांचा घोळ मिटवू

या कृमीच्या गटाचं नाव ओसेडॅक्स. लॅटिनमध्ये 'ओस' म्हणजे हाड आणि 'एडॅक्स' म्हणजे खादाड. ओसेडॅक्स ही एक प्रजाती आहे आणि तिच्यात अनेक जाती आहेत. इथे मराठी वाचकाचा हमखास गोंधळ होतो. 'नवी प्रजाती सापडली' असं छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा म्हणायचं असतं 'नवी जाती'. जाती म्हणजे आपसात प्रजनन करून वंश चालवणाऱ्या जीवांचा एक गट. एकाच पूर्वजापासून फुटलेल्या, जवळच्या जाती मिळून होते ती प्रजाती. आडनाव आणि नाव यांच्यासारखी ही जोडी आहे: ओसेडॅक्स हे आडनाव, रुबिप्लुमस हे तिच्यातल्या एका जातीचं नाव. प्रजातींच्या वर कुल असतं आणि पार वरच्या पायऱ्यांवर संघ. गांडूळ, जळू आणि समुद्रातले असंख्य कृमी ज्या संघात येतात, त्याला वलयी संघ म्हणतात, कारण त्यांचं शरीर वलयांचं बनलेलं असतं.

आणखी एकच पारिभाषिक शब्द लागेल: दृढरोम. अंगातून निघालेले राठ, टोकदार केस. गांडुळाच्या अंगावरून बोट उलट्या दिशेने फिरवलं की जे खरखरीत लागतं, ते हेच. समुद्रातल्या वलयी कृमींमध्ये हे केस इतके ठळक असतात की त्यांना दृढरोमी कृमीच म्हणतात. कुठे ते वल्ह्यासारखे, कुठे काट्यासारखे, कुठे आकड्यासारखे. या कृमींच्या अभ्यासकाला सूक्ष्मदर्शकाखाली एक केस दिला तरी तो बऱ्याचदा कुलापर्यंत पोचतो.

शेपूट तुटलं आणि नवा संघच उभा राहिला

१८९९-१९०० मध्ये 'सिबोगा' नावाच्या डच जहाजाने आजच्या इंडोनेशियाभोवतीचा समुद्र पालथा घातला. खोल पाण्यातल्या गाळातून वर आलेल्या गोष्टींत दोऱ्यासारखे बारीक, लांब नळीत राहणारे काही जीव होते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मॉरिस कोलरी यांनी १९१४ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि जहाजाच्या नावावरून सिबोग्लिनम हे नाव दिलं. पण हा प्राणी कुठल्या घरचा, हे त्यांना सांगता आलं नाही. त्याला पचनसंस्थाच नव्हती.

पचनसंस्था नसली की केवढी अडचण होते, ते बघा. प्राण्याचं पोट कुठे आणि पाठ कुठे, हे ठरवायला शरीररचनाकार तोंडाचा आणि आतड्याचा आधार घेतात. दारं-खिडक्या नसलेल्या घराचा दर्शनी भाग कुठला म्हणायचा? सोव्हिएत शास्त्रज्ञ आर्तेमी इवानोव यांनी या जीवांचा आयुष्यभर बारकाईने अभ्यास केला. मुख्य चेतारज्जू, म्हणजे मज्जातंतूंची दोरी, ज्या बाजूला आहे ती पाठ, असं त्यांनी धरलं. शरीराचे तीनच भाग दिसत होते. त्यावरून हे जीव वलयी कृमींपासून फार दूरचे, उलट आपण पृष्ठवंशीय ज्या मोठ्या शाखेत येतो तिच्या जवळचे आहेत, असं चित्र तयार झालं. तोवर त्यांना पोगोनोफोरा, म्हणजे दाढीवाले, हे नावही मिळालं होतं आणि स्वतंत्र संघाचा दर्जाही.

मग १९६४ मध्ये मायकेल वेब यांनी नॉर्वेच्या फियोर्डमधल्या, म्हणजे अरुंद, खोल खाडीतल्या, एका सिबोग्लिनमचं मागचं टोक दाखवलं. तोवर ते कुणी नीट पाहिलंच नव्हतं. हा कृमी गाळात खोल रुतलेला असतो, त्याचं मागचं टोक नांगरासारखं खाली धरून ठेवतं, आणि जाळ्याने ओढला की तो मधेच तुटतो. वर येत होता तो कायम शेपटाविना. त्या छोट्याशा टोकावर काय होतं? ओळीने वलयं, आणि वलयांवर दृढरोम.

शेवटची पानं फाटलेल्या रहस्यकथेवरून गुन्हेगार ठरवावा, तसं पन्नास वर्षं चाललं होतं. आता वलयं आणि केस बघितल्यावर वलयी कृमींशी असलेलं नातं उघड होतं. चेतारज्जूची बाजूही पाठ नव्हतीच, ते पोट होतं. गांडुळात असते तशीच पोटाकडची चेतारज्जू. म्हणजे इतकी वर्षं प्राणी उलटा धरून वाचला जात होता. (मी याला मूर्खपणा म्हणणार नाही. हातात असलेल्या पुराव्यावरून इवानोव यांनी काढलेला निष्कर्ष सुसंगतच होता. पुरावाच अर्धा होता.)

तरीही वाद लगेच मिटला नाही. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर उष्ण पाण्याचे झरे सापडले आणि त्यांच्याभोवती माणसापेक्षा उंच, लाल तुऱ्यांचे नळीकृमी. १९८१ मध्ये त्यांना रिफ्टिया पॅचिप्टिला हे नाव मिळालं. त्यांनाही आतडं नव्हतं; शरीरात पाळलेल्या जीवाणूंवर ते जगत होते. त्यांच्यासाठी १९८५ मध्ये आणखी एक वेगळा संघ सुचवला गेला. शेवटी १९९७ मध्ये दोन बाजूंनी एकच उत्तर आलं. मॅकह्यू यांनी एका जनुकाच्या तुलनेतून दाखवलं की हे सगळे वलयी संघाच्या आतच बसतात, आणि त्याच वर्षी ग्रेग राऊस आणि क्रिस्टियन फौकाल्ड यांनी शरीररचनेच्या सविस्तर तुलनेतूनही तेच मांडलं. दोन संघ आकसून एक कुल झालं. त्या कुलाला कोलरींचं १९१४चं नाव परत मिळालं: सिबोग्लिनिडी.

२००२ : शोधायला गेले शिंपले

फेब्रुवारी २००२ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे कॅन्यनमध्ये, सुमारे २,८९० मीटर खोलीवर, 'तिबुरॉन' नावाचं दूरनियंत्रित यान फिरत होतं. रॉबर्ट व्रायनहूक यांचा चमू खोल पाण्यातले शिंपले शोधत होता. समोर आला एका ग्रे व्हेलचा सांगाडा, आणि त्याच्या हाडांवर लाल तुऱ्यांचं दाट गवत.

वर आणलेला प्राणी विचित्र होता. हाडाबाहेर चार तंतूंचा लाल तुरा, त्यात रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन. हा झाला श्वासोच्छ्वासाचा अवयव. खाली नळीतलं धड. आणि हाडाच्या आत शिरलेला हिरवट, फाट्याफाट्यांचा भाग, ज्याला मुळं म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. या मुळांत जीवाणू राहतात. मुळं आम्ल सोडतात, हाडातलं खनिज विरघळतं, आणि मागे राहिलेली प्रथिनं नि चरबी शोषली जाते. आम्ल बाहेर टाकण्याची यंत्रणा आपल्या शरीरातल्या हाड झिजवणाऱ्या पेशींसारखीच आहे, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. अन्नापैकी किती वाटा थेट कृमी उचलतो आणि किती जीवाणूंकरवी मिळतो, यावर अजून काम चालू आहे.

राऊस, शाना गॉफ्रेडी आणि व्रायनहूक यांनी २००४ मध्ये ओसेडॅक्स ही नवी प्रजाती जाहीर केली, एकदम दोन जातींसह. लाल पिसाऱ्यावरून एक रुबिप्लुमस. दुसरी फ्रँकप्रेसी, अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष फ्रँक प्रेस यांच्या नावाने.

पण दृढरोम कुठे होते? सापडलेल्या कृमींवर एकही नाही. वलयंही नाहीत. सिबोग्लिनिडीचं जे ओळखचिन्ह सापडायला पन्नास वर्षं गेली, तेच इथे गायब.

नर कुठे आहेत?

शिवाय वर आलेल्या सगळ्या मादीच होत्या. अंडी भरभरून, तीही फलित झालेली. नर एकही दिसेना.

नर होते. मादीच्या नळीच्या आत, तिच्या अंगाला बिलगून, डोळ्यांना न दिसण्याइतके लहान. एकेका मादीच्या नळीत शंभराहून अधिक. हे नर मोठे झालेच नाहीत असं म्हणणं योग्य होईल: शरीर अळीचं, आत अंड्यातून मिळालेल्या पोषक बलकाची शिल्लक, आणि सोबत शुक्रपेशी. ते हाड खात नाहीत. अळी हाडावर उतरली तर मादी होते आणि मादीवर उतरली तर नर, असा एक अंदाज मांडला गेला आहे.

या नराच्या मागच्या टोकावर आकड्यांसारखे दृढरोम असतात. त्याच कुलातल्या इतर कृमींच्या आकड्यांशी मिळतेजुळते.

मादीने घराण्याची खूण गमावली होती, नराने ती जपली होती. जनुकांची तुलनाही ओसेडॅक्सला सिबोग्लिनिडीतच नेऊन बसवत होती, म्हणजे दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या. नळीत नुसतं डोकावून ती टाकून दिली असती, तर यातला एक साक्षीदार हाती लागलाच नसता.

एक जाती दुसरीपासून वेगळी काढायची कशी?

प्रजाती ठरणं ही एक गोष्ट, पण तुमच्या हातातला ओसेडॅक्स कोणत्या जातीचा हे सांगणं ही दुसरी. पहिलीला वर्गीकरण म्हणायचं, दुसरीला ओळख. ग्रंथालयात कपाटं कशी लावायची हे ठरवणं वेगळं आणि हातातलं पुस्तक कोणत्या कपाटातलं हे शोधणं वेगळं, तसं.

ओळखीसाठी पाहतात ते तुऱ्याचे तंतू: किती, केवढे, त्यांना बाजूला बारीक पिसं आहेत की ते उघडे आहेत. धडाच्या वरच्या टोकाला रंगीत पट्टा आहे का. अंडी बाहेर सोडणारी नलिका तुऱ्यात किती वर जाते. मुळं आखूड नि गोळ्यासारखी आहेत की लांब पसरलेली. नर बटू आहेत की नाहीत.

सोपं वाटतं, पण नमुना हाती येईपर्यंत यातलं बरंच हरवलेलं असतं. मुळं हाडात अडकतात आणि ओढली की तुटतात, त्यामुळे हाडच हळूहळू फोडत जावं लागतं. फुललेला तुरा वर येईतो मिटतो. मद्यार्कात ठेवला तर डीएनए टिकतो पण शरीर आकसतं आणि रंग उडतात. फॉर्मेलिनमध्ये ठेवला तर आकार टिकतो पण डीएनएची नासाडी होते. म्हणून एका नमुन्याचे तुकडे दोन्हींत ठेवावे लागतात, आणि जिवंत असतानाचा फोटो हा पुराव्याचाच भाग धरावा लागतो.

मॉन्टेरेमध्ये नवेनवे ओसेडॅक्स इतक्या वेगाने सापडू लागले की त्यांना टोपणनावांवर भागवावं लागलं. 'यलो कॉलर', 'ऑरेंज कॉलर', 'न्यूड पाल्प' (उघडे तंतू) ही नावं शोधनिबंधांत वर्षानुवर्षं वावरली. २००९ मध्ये जनुकांच्या आधारे १७ वेगवेगळ्या वंशशाखा मोजल्या गेल्या होत्या, पण त्यातल्या बहुतेकांना अधिकृत नाव नव्हतं. २०१८ मध्ये एकाच निबंधात कॅलिफोर्नियातल्या १४ जातींना नावं मिळाली. आता नाव असलेल्या जातींची संख्या पंचविसाच्या पुढे गेली आहे.

अधिकृत नावाला एवढं काय महत्त्व? टोपणनावामागे फक्त आठवण असते. अधिकृत नावामागे एक प्रत्यक्ष नमुना असतो. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते की नवी जाती जाहीर करताना एक मूळ नमुना ठरवायचा, आणि तो सांभाळणारा संग्रह कोणता हे सांगायचं. पुढे कधीही शंका आली तर जगातला कुणीही अभ्यासक त्या बरणीपाशी जाऊन पडताळून पाहू शकतो. वजनांच्या बाबतीत प्रमाण वजनाचं जे स्थान, तेच नावांच्या बाबतीत या नमुन्याचं.

'डीएनए तपासलं की झालं ना?'

आजच्या काळात हा आक्षेप स्वाभाविक आहे, आणि तो अर्धा बरोबरही आहे. प्राण्यांसाठी एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वापरतात. दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा. तो वाचला आणि साठ्यातल्या नोंदींशी ताडला की जाती कळते. ओसेडॅक्समध्ये याचा फार उपयोग झाला, कारण कोवळी मादी आणि बटू नर यांच्या दिसण्यावरून जाती सांगणं जवळजवळ अशक्य आहे.

पण बारकोड स्वतः काहीच सांगत नाही. वस्तूचं नाव कुणीतरी आधी यंत्रात भरलेलं असावं लागतं. खोल समुद्रात बहुसंख्य बारकोडांपुढे नावाची जागा कोरी आहे. आणि एखादी नोंद करताना नमुनाच चुकीचा ओळखला गेला असेल, तर ती चूक पुढच्या प्रत्येक तपासणीत उमटत राहते. वर हा तुकडा फक्त आईकडून येतो, त्यामुळे दोन जातींचा संकर झाला असेल तर तो एकटा ते सांगू शकत नाही. म्हणून जाणते अभ्यासक आणखी जनुकं घेतात आणि शरीराकडेही परत जातात. दोन्ही पुरावे एकमेकांना विसंगत निघाले, की तिथेच खरं काम सुरू होतं.

'व्याख्या अशा बदलत राहिल्या तर भरवसा कशावर ठेवायचा?'

ओसेडॅक्सबद्दल सुरुवातीला तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या जात: खोल समुद्र, व्हेलची हाडं, बटू नर. तिन्ही ढिल्या झाल्या.

स्वीडनच्या किनाऱ्याजवळ अवघ्या १२५ मीटर खोलीवर सापडलेली म्यूकोफ्लोरिस ही जाती २००५ मध्ये जाहीर झाली. नावाचा अर्थ शेंबडाचं फूल, कारण तिच्याभोवती बुळबुळीत आवरण असतं. तळाशी मुद्दाम ठेवलेल्या गाईच्या हाडांवर ओसेडॅक्स उगवला, माशांच्या हाडांवर उगवला, मेक्सिकोच्या आखातात अ‍ॅलिगेटरच्या सांगाड्यावरही उगवला.

आणि मग आली प्रायपस ही जाती, जिचं वर्णन करणारा निबंध २०१४च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. हिच्यातले नर उघड्या डोळ्यांनी दिसतात, मादीसारखी मुळं रोवतात आणि स्वतः हाड खातात. मादी शोधायला शरीर लांबवर ताणून पोचतात. दिसण्यावरून ठरवायचं तर ही वेगळी प्रजातीच म्हणावी लागली असती. पण जनुकांच्या वंशवृक्षात प्रायपस बाहेर नाही, ओसेडॅक्सच्या फांद्यांच्या मधोमध बसते. तिचे पूर्वज बटू नरांचेच होते आणि तिच्या शाखेत नर पुन्हा मोठा झाला. म्हणून प्रजाती तीच राहिली, वर्णन तेवढं सुधारलं. उंची वेगळी म्हणून भावाला घराबाहेर काढता येत नाही; नातं जन्माचं असतं, साम्याचं नव्हे. मला तर या बदलांमुळेच भरवसा वाटतो: प्रत्येक बदलाला कारण आहे, आणि ते कारण बरणीत पाहायला मिळतं.

हाड उरलं, कृमी गेला

मऊ शरीराचे जीवाश्म क्वचितच होतात. मात्र ओसेडॅक्स हाडात करतो ती पोकळी, बाहेर लहानसं भोक आणि आत फुगलेली खोली, दगडात टिकून राहते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या व्हेलच्या हाडांत अशा पोकळ्या २०१० मध्ये ओळखल्या गेल्या. २०१५ मध्ये तर सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्लेसिओसॉरच्या, म्हणजे समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या, हाडात त्या सापडल्या. व्हेल तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

पण त्या भोकाला ओसेडॅक्स म्हणता येत नाही. पावलाचा ठसा म्हणजे पाऊल नव्हे. खुणांच्या नामकरणासाठी वेगळी नावं असतात. टस्कनीतल्या जीवाश्म व्हेलच्या हाडांवरून अशा पोकळीला २०१४ मध्ये ऑस्पेकस हे नाव मिळालं. तिथेही ओळख चुकणं महागात पडू शकतं, कारण ओसेडॅक्स हाडं संपवतो. एखाद्या थरात समुद्री प्राण्यांचे जीवाश्म कमी दिसले तर ते प्राणी तिथे नव्हते, की त्यांची हाडं खाल्ली गेली?

एवढ्या खटाटोपाने पुढे काय होतं?

पॅसिफिकमधल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात, जिथे तळावरचे धातूचे गोळे उपसण्याचे बेत आहेत, तिथल्या प्राण्यांचा एक हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ५,५०० हून अधिक जातींपैकी साधारण ९० टक्क्यांना अजून नावच नाही. त्यांत दृढरोमी कृमी मोठ्या संख्येने आहेत. निनावी जातीबद्दल 'ही फक्त इथेच आहे' किंवा 'ही दुसरीकडेही आहे' असं ठामपणे म्हणणं अवघड, आणि ते म्हणता आलं नाही तर खाणकामाने काय कायमचं जाईल हेही सांगता येत नाही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बार्कली कॅन्यनमध्ये संशोधकांनी हंपबॅक व्हेलची हाडं तळाशी ठेवली आणि सुमारे १० वर्षं कॅमेऱ्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ओसेडॅक्स उगवलाच नाही. तिथल्या पाण्यात प्राणवायू फार कमी आहे आणि तेच कारण असावं, असा त्यांचा कयास आहे. इतर प्राणी त्या हाडांवर आले. लाल तुरे मात्र एकदाही दिसले नाहीत.